छप्पन्न इंच

"तुमचं बरं असतं हो, आत काही का घातलेलं असेना, वरून एक काळं चढवलं की निघालात!" मी अबाया, म्हणजे कपड्यांवरून घालायचा पायघोळ झगा, घालते, म्हणून हे मला शाळेच्या स्टाफरूममध्ये ऐकवतात, लेडीज डब्यात ऐकवतात, एकदा तर दाताच्या डॉक्टरणीने मी तोंड उघडून बसलेली असताना ऐकवलं. बोलणाऱ्या बायका मनाच्या चांगल्या असतात. फॉल-बीडिंग, मॅचिंग ब्लाऊज आणि निऱ्यांच्या जाचातून मी सुटले, असा त्यांचा प्रामाणिक समज आहे. त्यांना रमजानच्या तोंडावर मुंब्र्याच्या गुलाब पार्क मार्केटात न्यावं आणि "एक काळं द्या" असं स्वतःच्या तोंडाने मागायला लावावं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

कारण तिथे पहिला प्रश्नच येतो, "कौनसा काला, बाजी?"

निदा, झूम, फिरदौस, क्रेप, जॉर्जेट, ही सगळी कापडांची नावं. निदा म्हणाल तर साधा की कोरियन? दुकानदार एकामागून एक पीस काउंटरवर फेकतो आणि प्रत्येकावरून हात फिरवत "ये असली ब्लॅक है" म्हणतो. म्हणजे आधीचे चार कोण होते? ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच काळे. बाहेर उन्हात आणले की एक निळा निघतो, एक कॉफीचा निघतो आणि सोबतचा स्टोल हिरवट. साडीला मॅचिंग शोधणाऱ्यांनी काळ्याला काळं मॅच करून दाखवावं, मी त्यांचं शिष्यत्व पत्करीन. म्हणून जाणत्या बायका माल हातात घेऊन सरळ रस्त्यावर येतात, कलिंगडाच्या गाडीशेजारी उभ्या राहून उजेडात कापड निरखतात. दुकानातला पोरगा मागोमाग येऊन उभा राहतो. आदराने नव्हे, माल जाऊ नये म्हणून.

माझ्या आजीला यातलं काही नव्हतं. गावी साडीचाच पदर डोक्यावरून घेतला की झालं. आईच्या वेळी दोन तुकड्यांचा बुरखा आला, खाली कोट आणि वरून नकाब. मग सत्तरच्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला, रत्नागिरी-रायगडातले पुष्कळ जण तिकडे नोकरीला गेले, आणि सुट्टीवर येणाऱ्या मामांच्या बॅगेत टँगचा डबा नि टायगर बाम यांच्या मधोमध घडी करून अबाया यायला लागला. मामा आणील तो रंग, मामा आणील ते माप. भांडायला जागाच नव्हती. आता जागाच जागा आहे.

अंब्रेला कट घ्यावा तर घेर ऐसपैस, पण प्लॅटफॉर्मवर खाडीचा वारा सुटला की दोन्ही हात घेर धरण्यात जातात आणि पर्स दातात. फ्रंट ओपनची बटणं नेमकी गाडीत चढताना दगा देतात. बटरफ्लाय दिसायला राजेशाही. मात्र उभ्याने प्रवास करताना वरची कडी धरली की बाही पसरते आणि खाली बसलेल्या दोघींचं कळव्यापर्यंत पडदानशीन होणं आपल्या हातात असतं. शेअर रिक्षाचा न्याय तर सगळ्या कटांना सारखाच. मधलीचा घेर दोन्ही बाजूच्यांच्या खाली जातो, आणि एकीला उतरायचं असलं तरी तिघी उतरतात.

त्यात मी शाळेत शिकवणारी. काळ्या निदावर पांढरा खडू किती खुलतो ते लांबून पाहणाऱ्याला कळायचं नाही. तिसऱ्या तासापर्यंत मी चालता-बोलता फळा झालेली असते. परवा सहावीतल्या एका मुलाने माझ्या कोपराकडे बघून भागाकार बरोबर आहे का विचारलं. म्हणून माझी अट एकच: बाही मनगटाशी बसती हवी, पण वुझूसाठी, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड धुताना, कोपराच्या वर सरकायला हवी. यावर दुकानदार म्हणतो, "चेनवाली बाही ले लो." चेनवाल्या बाहीला मग खिसा नसतो. खिसा असलेल्याला चेन नसते. दोन्ही असलेला अबाया मुंब्र्यात नक्की आहे, कारण तो नेहमी माझ्या पुढच्या बाईच्या अंगावर असतो आणि तो तिने दोन वर्षांपूर्वी घेतलेला असतो.

आता माप घालून बघण्याचा सोहळा. ट्रायल रूम म्हणजे गोदामाच्या तोंडाशी लावलेला पडदा, त्याच्या आड एक बाई बाळाला पाजत बसलेली. म्हणजे आहोत तिथेच बघायचं. आता आपण दुकानात येतानाच अबाया घालून आलेलो असतो. तो भर दुकानात कसा उतरवणार? म्हणून अबायावर अबाया. वरचा खालच्याला चिकटतो, खालचा गुडघ्याशी गोळा होतो, डोकं गळ्यातून बाहेर येईपर्यंत पिनेने स्टोल सोडलेला असतो. आरशात दिसणारी बाई माझ्या दुप्पट असते. दुकानदार बिचारा सभ्य. बाईमाणसाकडे बघायचं नाही म्हणून तो नजर पंख्यावर खिळवतो आणि पंख्याकडे बघतच ठामपणे सांगतो, "एकदम परफेक्ट बैठा है, बाजी."

अबायाचं माप खांद्यापासून खालपर्यंत, इंचात. 52, 54, 56, 58. हसू नका, आमच्याकडे छप्पन्न इंच छातीचे नसतात, लांबीचे असतात. मी पाच फूट चार. 54 घातला तर घोटे दिसतात आणि सासूबाईंना ते बिल्डिंगच्या गेटपासून दिसतात. 56 घातला तर महापालिकेचा झाडू वाचतो.

बरोबर सल्लागार मंडळही असतं. लेकीला काळा नकोच होता, ऑलिव्ह ग्रीन हवा होता. तिचा अभ्यास पक्का. कुराणात बाहेर पडताना जिलबाब पांघरायला सांगितलंय, सूरह अहजाबमध्ये, पण रंग कुठे दिलाय? 2018 मध्ये खुद्द सौदीच्या युवराजाने टीव्हीवर सांगितलं, शालीन कपडे हवेत, काळा अबायाच हवा असं काही नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग त्याच्याकडेच जाऊन घाल." लेक म्हणाली, दुसऱ्या मजल्यावरच्या बोहरा आंटी बघ, त्यांचा बुरखा म्हणजे गुलाबी रिदा, त्याच्या पर्दीला लेस, सगळे रंग चालतात, वर्ज्य फक्त काळा. हे मात्र मला थोडं लागलं. त्या आंटी आणि मी एकाच रिक्षाने स्टेशनला जातो, आणि मे महिन्यात त्या मोगऱ्यासारख्या उतरतात.

उकाड्याचं म्हटलं तर भाच्याने तिथेच मोबाइल काढला. इंजिनिअरिंगला आहे, त्याला गप्प बसवत नाही. 1980 साली 'नेचर'मध्ये म्हणे शोधनिबंध आला होता. वाळवंटातले बेदूइन काळे झगे का घालतात, ते शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं. काळं कापड जास्त तापतं हे खरं, पण झगा सैल असला की ती जादा उष्णता अंगाला पोचण्याआधीच हवेबरोबर निघून जाते; काळ्यात आणि पांढऱ्यात अंगाला सारखंच ऊन. "म्हणजे मामी, काळाच घे, फक्त ढगळ घे." शास्त्रज्ञांबद्दल मला आदर आहे. पण वाळवंटातली हवा कोरडी. मुंब्र्यात घाम उडून जात नाही, तो पागडी भरून राहायला येतो.

अखेर निदाच ठरला. काळाच. फ्रंट ओपन, बाहीला चेन, खिसा पन्नास रुपये जादा देऊन शिवून मिळणार, आणि खालच्या काठाला बारीक खड्यांचं काम, कारण नणंदेच्या मुलीचं लग्न डोक्यावर आलंय आणि लग्नासाठी वेगळा घ्यायला आमचे हे तयार नाहीत. (ते सबंध वेळ बाहेर ज्यूस पीत होते. हिशेब तेवढा आत येऊन केला.) बाराशे सांगितलेले, साडेआठशेला तुटलं. 54 संपलेला. "ईद का टाइम है बाजी, 56 ले लो, अल्टर हो जाएगा."

अल्टरवाल्याने अबाया टेबलावर पसरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मान हलवली. खालून दोन इंच कापले तर खड्यांचं काम जातं. खांद्यातून उचलला तर बाह्या आखडतात आणि चेन कोपराला टोचते. कमरेत चुणी घेतली तर नव्या खिशाचं तोंड शिवलं जातं. त्याने सगळं टाचण्या लावून दाखवलं, कुठलाच आडपडदा न ठेवता, आणि शेवटी म्हणाला, "बाजी, मेरी मानो तो हील ले लो. सस्ते में पडेगा."

समोरच चपलांचं दुकान. मी "दो इंच का हील" असं म्हणायच्या आत त्या पोराने माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

"छप्पन का अबाया लिया ना? इधर बैठो बाजी, वो सब यहीं है."