रिकाम्या इमारती आणि बेघर माणसं: फिरणाऱ्या मेसेजमध्ये काय चुकतंय?

एक मेसेज बराच फिरतोय: रिकाम्या इमारतींत बेघरांसाठी घरं करणं म्हणजे पैशाचा चुराडा. ऑफिसची घरं होत नाहीत, खर्च नव्या बांधकामाइतकाच येतो आणि व्यसन सुटल्याशिवाय हे लोक घर टिकवत नाहीत.

‘ऑफिसची घरं होत नाहीत.’ यात थोडं तथ्य आहे. मोठ्या ऑफिसच्या मजल्यावर मधल्या भागात उजेडच पोचत नाही. संडास सगळे लिफ्टजवळ एका जागी, त्यामुळे घरोघरी ड्रेनेज न्यायचं तर स्लॅबला भोकं पाडत बसावं लागतं. अशी इमारत खुशाल सोडा. पण रिकामी इमारत म्हणजे फक्त ऑफिस नव्हे! हॉटेलात बहुतेक खोल्यांना खिडकी असते, बऱ्याचदा बाथरूमही. ओटा घातला, वायरिंग बदललं की निम्मं काम झालं. न्यूयॉर्कचं मोडकळीला आलेलं टाइम्स स्क्वेअर हॉटेल १९९० च्या दशकात असंच बदललं. तिथे ६५२ घरं झाली. बेघर राहिलेले आणि तुटपुंज्या पगाराचे लोक शेजारी शेजारी राहू लागले.

‘खर्च तेवढाच.’ कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये ‘होमकी’ योजनेत मुख्यतः हॉटेलं-मोटेलं घेतली. काही महिन्यांत जवळपास ५,९०० घरं, दर घरामागे साधारण दीड लाख डॉलर. तिथे नवं परवडणारं घर बांधायला याच्या कितीतरी पट पैसे आणि काही वर्षं लागतात.

‘आधी व्यसन सोडा.’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो. निवाऱ्याच्या हॉलमध्ये माणूस चपला उशाशी आणि कागदपत्रं पोटाशी धरून झोपतो, तीही अर्धवट झोप. अशा अवस्थेत त्याने व्यसन सोडावं, औषधं वेळेवर घ्यावीत, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? हेलसिंकीत २५० खाटांच्या अशाच एका निवाऱ्याची ८१ स्वतंत्र घरं केली: स्वतःचा भाडेकरार, स्वतःची किल्ली, मदतीला कर्मचारी त्याच इमारतीत. आणि घर टिकवण्याचं म्हणाल, तर कॅनडाने पाच शहरांत दोन हजारांवर बेघरांना सोबत घेऊन हे तपासलं. व्यसनमुक्तीची अट न घालता घर आणि सोबत मदत मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक या अभ्यासाचे शेवटचे सहा महिने सलग घरात होते. नेहमीच्या सेवांवर सोडलेल्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं.

मात्र या ‘सोबत मदत’चा पगार दरवर्षी द्यावा लागतो. इमारत घेताना त्याचीही तरतूद झाली आहे का, हा प्रश्न त्या मेसेजने विचारायला हवा होता.