पीएफ ट्रस्टी झालात? मग एवढं वाचाच

सगळ्यात आधी अभिनंदन! पीएफ ट्रस्टवर वर्णी लागली म्हणजे हजारो लोकांच्या म्हातारपणाची चावी आता तुमच्या खिशात. घाबरू नका, पैसे आपले नाहीत हे एकदा मनाशी पक्कं केलं की सही करताना हात थरथरत नाही.

पीएफचे पैसे ज्या कंपनीत गुंतवायचे तिचं फक्त रेटिंग बघायचं, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेचे मार्क. ट्रिपल ए, म्हणजे पैकीच्या पैकी, दिसलं की ठोका सही, ताळेबंद वाचत बसलात तर मीटिंगमधला बटाटावडा गार होतो. रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसे पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस कंपनीला २०१८ च्या जुलैपर्यंत ट्रिपल एच होतं, सप्टेंबर संपायच्या आत डी, म्हणजे पहिल्या नंबरावरून दोन महिन्यांत नापास, आणि डोक्यावर ९० हजार कोटींहून जास्त कर्ज, त्यात कितीतरी पीएफ ट्रस्टांचे पैसे. सेबीने रेटिंगवाल्या तीन कंपन्यांना आधी दंड केला २५-२५ लाख. तेवढ्यात आमच्याकडे वन बीएचके पण येत नाही हो.

कोणी जास्त व्याज देतो म्हटलं तर कारण विचारायचं नाही, बरं दिसत नाही ते. उत्तर प्रदेशातल्या वीज कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने कुठे विचारलं? मार्च २०१७ पासून पावणेदोन वर्षांत ४,१२२ कोटी डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या एफडीत टाकले, त्यातले २,२६७ कोटी अडकले, कर्मचारी रस्त्यावर उतरले, मग सरकारने हमी घेतली, म्हणजे आली का वेळ तर भरणार जनता, तुम्ही नाही. (त्याच कंपनीचे प्रवर्तक एप्रिल २०२० च्या कडक लॉकडाऊनमध्ये खास पत्र घेऊन खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले होते, आठवतंय? आपण तेव्हा दुधाची पिशवी आणायला गेलो तरी काठी खात होतो.)

आणि पेन्शनर आरडाओरडा करतील ह्याचं तर टेन्शनच घेऊ नका. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफवाल्या नोकरदारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे, बुलढाण्याची पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षं आंदोलन करतायत, काय झालं?

शिवाय त्यांना वेळ कुठे असतो. आमचे काका परवा हयातीचा दाखला द्यायला गेले होते, तीस वर्षं लेथवर काम करून बोटांवरच्या रेषाच गेल्यात, मशीन काही अंगठा घेईना. पोरगा म्हणत होता, "काका पुसून लावा, परत लावा, अजून तुम्ही जिवंत येत नाहीये."