‘फायरवॉल बसवल्यापासून लाईव्ह क्लास तुटतोय’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय की आमच्या दुकानाने तुमच्या क्लासमध्ये फायरवॉल (नेटवर्कमधून काय आत-बाहेर जायचं ते ठरवणारा डबा) बसवला त्याच दिवशी यूट्यूब लाईव्ह सुरूच झालं नाही, मग रविवारच्या ‘नीट’ परीक्षेच्या रिव्हिजनला तीन वेळा तुटलं, दुकानाला फोन केला तर कुणी उचलला नाही, आणि शेवटी फायरवॉल बाजूला काढून वायर डायरेक्ट राऊटरला लावली तर सगळं नीट चाललं म्हणजे पैसे पाण्यात गेले. लातूरमध्ये रिव्हिजनचे दिवस काय असतात ते मला माहितीय, औसा निलंग्याकडची पोरं वडलांचा मोबाईल मागून लेक्चरला बसतात आणि समोर नुसतं गोल फिरत राहतं, त्यामुळे तुमचा राग बरोबर आहे.

पहिल्या दिवशीची चूक सरळ आमची. हॉस्टेलच्या वायफायवर मुलं यूट्यूब बघत बसतात ते बंद करा असं तुम्ही सांगितलं होतं, आमच्या दुकानातल्या मुलाने तो ब्लॉक फक्त वायफायला लावायच्या ऐवजी सगळ्या नेटवर्कला लावला, त्यात स्टुडिओचा ओबीएसवाला (लाईव्ह पाठवायचं सॉफ्टवेअर असलेला) पीसी पण आला. फायरवॉलला यूट्यूब बघणं आणि यूट्यूबला पाठवणं असा फरक आपोआप कळत नाही, तो सांगावा लागतो. आता स्टुडिओचा पीसी वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच नेटवर्कमधला स्वतंत्र कप्पा) घेतलाय आणि त्याला बाहेर जायला १९३५ आणि ४४३ हे दोन टीसीपी पोर्ट (डेटा जायचे दरवाजे) मोकळे आहेत, यूट्यूबला व्हिडिओ पाठवायची पद्धत म्हणजे आरटीएमपी, त्यातला साधा १९३५ वरून जातो आणि सुरक्षित आरटीएमपीएस ४४३ वरून. त्या पीसीचं एसएसएल इन्स्पेक्शन, म्हणजे सुरक्षित डेटा उघडून तपासणं, पण बंद केलंय.

रविवारचं मात्र थोडं वेगळं आहे, मी स्वतः बसून फायरवॉलचा लॉग (नोंदी) बघितला. तुमची फायबर लाईन गेली, फायरवॉलने दुसरी, बॅकअपची इंटरनेट लाईन घेतली, इथे पहिल्यांदा तुटलं. दोन मिनिटात फायबर परत आली आणि फायरवॉल लगेच तिच्यावर परत गेला, दुसऱ्यांदा तुटलं. मग फायबर पुन्हा गेली. लाईन बदलली की बाहेरचा आयपी (तुमचा इंटरनेटवरचा पत्ता) बदलतो आणि आरटीएमपी हे एकच सलग कनेक्शन असतं, आयपी बदलला की ते तुटणारच. फायबर जाणं आमच्या हातात नाही पण घाईघाईने परत जाणं ही आमची सेटिंग होती आणि पहिली सोडून पुढच्या दोन्ही तुटी आम्ही टाळू शकलो असतो. आता चालू कनेक्शन दुसऱ्या लाईनवरच राहील, नवीन कनेक्शन तेवढी फायबरवर जातील. आणि तुमच्या यूट्यूबला ऑटो-स्टॉप चालू होतं ते बंद करा, नाहीतर स्ट्रीम थोडा वेळ थांबली की लाईव्ह संपतं, नवीन लिंक बनवावी लागते आणि पोरं जुन्या लिंकवर वाट बघत बसतात.

झूमच्या डाउट सेशनला आवाज चिरकतो म्हणालात, ते यूडीपी (हरवलेल्या डेटाची वाट न बघता पुढे जाणारी पद्धत) पोर्ट ८८०१ ते ८८१० बंद असल्यामुळे. झूम मग टीसीपीवरून जातो, चालतो पण हरवलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) परत मागत बसतो आणि आवाज मागे पडतो. ते उघडलंय.

आता सर कळकळीने सांगतो, फायरवॉल काढून ठेवू नका. डायरेक्ट लावल्यावर चाललं कारण आमचा चुकीचा ब्लॉक आणि लाईन बदलायची सेटिंग दोन्ही एकदम बाजूला झाले, पण त्याच नेटवर्कवर ऑफिसच्या पीसीत मुलांचे आधार, मार्कशीट, फीचा हिशोब आहे आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) आहे. कॅमेरावाले तुम्हाला १९३५ पोर्ट फॉरवर्ड करा म्हणाले ते पण करू नका. लाईव्ह क्लाससाठी बाहेरून आत यायचा एकही पोर्ट उघडावा लागत नाही, तुमचा पीसी स्वतःहून यूट्यूबच्या सर्व्हरला जोडतो आणि मुलं तिथून बघतात, तुमच्या ऑफिसातून नाही. म्हणून ४० मुलं असोत की ४००, तुमच्या लाईनवर एकाच स्ट्रीमचं अपलोड पडतं. त्या एकासाठी १० एमबीपीएस अपलोड राखून ठेवलंय, कॅमेऱ्याचं क्लाऊड बॅकअप त्याला हात लावणार नाही.

फोनचं म्हणाल तर बिलावर दुकानाचा नंबर आहे आणि रविवारी दुकान बंद असतं, पण क्लासवाल्यांचं काम घेतो तर रविवारी फोन उचलायलाच पाहिजे. माझा स्वतःचा नंबर तुम्हाला मेसेज केलाय, लेक्चर चालू असताना कधीही लावा. व्हिजिटचे पैसे घेतले होते ते परत करतोय.

बुधवारी शेवटची बॅच सुटल्यावर साडेआठला येतो. ओबीएस चालू ठेवा, स्ट्रीम अनलिस्टेड ठेवा म्हणजे मुलांना नोटिफिकेशन जाणार नाही. तुमच्यासमोर फायबरची वायर काढतो, एकदा तुटेल आणि काही सेकंदात ओबीएस परत जोडेल, मग वायर परत लावल्यावर पुन्हा तुटायला नको. तुटलं तर सगळं नीट होईपर्यंत मी तिथून उठणार नाही.