पोळं थरथरलं म्हणजे गांधीलमाशी चिडली?

फॉरवर्ड होत होत माझ्यापर्यंत आलेला मेसेज असा: ‘मधमाशी नाचून बोलते, गांधीलमाशीला भाषाच नाही. पोळं थरथरलं की समजा हल्ला होणार. राणी कोण आणि कामकरी कोण, हे फक्त खाण्यावर ठरतं.’

हल्ल्याचं आधी घेतो, कारण तिथे मेसेजला थोडे गुण द्यावे लागतात. दक्षिण अमेरिकेतल्या सिनोएका माश्यांना डिवचलं, तर त्या सगळ्या मिळून एका तालात पोळ्याचं कवच वाजवतात. तो धोक्याचाच इशारा. पण जर्मन गांधीलमाशी पोळ्यावर पोट बडवते, त्याचं काय? ती भुकेची हाक असावी असा तर्क होता. अमेरिकेत बेंजामिन टेलर, रॉबर्ट जीन आणि सहकाऱ्यांनी तो तपासला. वसाहत उपाशी ठेवली तर बडवणं कमी झालं आणि खाऊ मिळताच वाढलं! तीच थरथर कृत्रिमरीत्या पोळ्याला दिली, तेव्हा आत लगबग उडाली, जास्त माश्या बाहेर पडू लागल्या. म्हणजे अर्थ ‘चला, बाहेर खायला आहे’ असा. खाणं नेमकं कुठे, हे मधमाशीच्या नाचासारखं त्यात सांगितलेलं नसतं, एवढं कबूल. पण पत्ता नाही म्हणून निरोपच नाही, असं कसं म्हणायचं?

भूक सांगतात त्या अळ्या. मोठ्या गांधीलमाश्यांच्या काही जातींत अळी जबड्याने कप्प्याची भिंत खरवडते.

आता ‘फक्त खाण्यावर’. खाण्याचा वाटा आहेच, वाद ‘फक्त’शी आहे. उत्तर अमेरिकेतली पोलिस्टिस फस्केटस ही माशी अळ्यांना भरवताना मिशांनी कप्प्याच्या कडेवर भरभर ताशा वाजवते. हंगामाच्या सुरुवातीला, कामकरी वाढत असताना, हे वाजवणं खूप. शेवटी, भावी राण्यांच्या वेळी, अगदी कमी. साईनाथ सूर्यनारायणन, जीन आणि सहकाऱ्यांनी राणी होऊ घातलेल्या अळ्यांना यंत्राने तशीच कंपनं दिली. त्यांतून निघालेल्या माश्यांच्या अंगात चरबीचा साठा कमी भरला, कामकरी माशीसारखा. हा शोधनिबंध २०११चा आहे. मेसेज लिहिणाऱ्याला वेळ भरपूर होता.

उरली ‘भाषा’. ती कंपनांचीच असते असंही नाही. आपल्याकडच्या रोपालिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीची राणी स्वभावाने गरीब, मारामारीत फारशी पडत नाही. बंगळुरूत राघवेंद्र गदगकरांच्या प्रयोगशाळेत दिसलं की ती पोट पोळ्यावर घासत फिरते, आणि मागे राहिलेल्या रसायनावरून कामकरी माश्यांना कळतं, राणी आहे.