दिसतात तरी किती?

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर फूटपाथवरून भांडण झालं. पेठेत नवा फूटपाथ झाला, पेव्हर ब्लॉक बसले, आणि दुचाक्या वर चढू नयेत म्हणून दोन्ही टोकांना स्टीलचे खांब ठोकले गेले. दुचाक्या थांबल्या. आमच्या आत्याची व्हीलचेअरही थांबली. तिने खांबांचा फोटो टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, 'मी कुठून जायचं?' त्यावर अण्णाचं, म्हणजे थोरल्या चुलतभावाचं उत्तर आलं: 'आत्या, वाईट वाटतं गं, पण खांब काढले की तासाभरात मोटारसायकली वर येतील. आणि व्हीलचेअरवाले रस्त्यावर दिसतात तरी किती?' मी इथून, टोरांटोहून, दोन ओळी खरडल्या, जरा तिखटच. लगेच अण्णा: 'तिकडे बसून बोलायला काय जातंय!' त्याच्या खाली भराभर अंगठे.

पेठेच्या त्या शहराचं नाव घेत नाही. घेतलं तर चर्चा त्या शहराच्या अस्मितेवर जाईल आणि खांब राहतील जागच्या जागी.

दिसतात किती? बघू या. 2011 च्या जनगणनेत भारतात 2 कोटी 68 लाख अपंग मोजले गेले, लोकसंख्येच्या 2.21 टक्के. कॅनडात 2022 च्या पाहणीत पंधरा वर्षांवरच्या लोकांत हेच प्रमाण 27 टक्के निघालं. कॅनडाच्या पाण्यात काही दोष नाही. इथे विचारतात की पायऱ्या चढताना, ऐकताना, लक्षात ठेवताना, रोजची कामं करताना अडतं का. सततची दुखणी आणि मनाचे आजारही त्यात धरतात. आपल्याकडे प्रगणक दारात उभा राहून घरातल्या कर्त्या माणसाला विचारतो, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर तो कर्ता काय सांगतो ते आपल्याला ठाऊक आहे. दोन्ही आकडे एका तागडीत तोलता येत नाहीत, हे अण्णा लगेच म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. पण जो मोजलाच जात नाही त्याच्यासाठी उतार कोण बांधणार? आणि उतार नसेल तर तो अण्णाला रस्त्यावर दिसणार कसा?

आत्या तरी कुठे दिसायची? तिला लहानपणी पोलिओ झाला. लस गल्लोगल्ली पोचायच्या कितीतरी आधीची गोष्ट. 1977 मध्ये केंद्राने क आणि ड गटाच्या नोकऱ्यांत अपंगांसाठी तीन टक्के जागा राखल्या, त्यानंतर ती एका बँकेत लागली. पायाला आधाराचे कॅलिपर चढवून वाड्याचा जिना उतरायला तिला इतका वेळ लागायचा की शेजारच्या काकू तेवढ्यात पाणी भरून घ्यायच्या. मग कायनेटिक होंडा आली. सेल्फ स्टार्ट, गिअर नाहीत. गॅरेजवाल्याने मागे दोन जादा चाकं लावून दिली आणि आत्या गावभर दिसायला लागली. नाटकाला, मंडईत, स्टेशनवर, सगळीकडे. माझ्या मैत्रिणींना तिचं फार कौतुक. त्या स्कूटरवरून खाली उतरल्यावर मात्र ती पुन्हा दुसऱ्याच्या हातात. थिएटरच्या पायऱ्यांशी दोन पोरं हुडकायची, 'जरा उचलता का' म्हणायचं. पोरं नेहमी मिळायची, हे खरं. कुणी कधी नाही म्हटलं नाही.

आता वयाने खांदे गेले, स्कूटर गेली, खुर्ची आली.

अण्णाच्या बोलण्यात एक खोच आहे, ती मला मान्य करावी लागते. व्हीलचेअर चाकांसकट साधारण 65 ते 70 सेंटीमीटर रुंद असते. दुचाकीचं हँडलही जवळपास तेवढंच. खांबांतून खुर्ची जाईल एवढी फट ठेवली की तीतून दुचाकीही जाते. लोखंडाला माणूस आणि मोटारसायकल यातला फरक कळत नाही. तो पोलिसाला कळतो, आणि पोलिसाने दंड करायचा असतो. दंड होत नाही म्हणून खांब लावायचे, आणि खांबांचा दंड भरायचा आत्याने! मुंबईत हाच प्रश्न कोर्टात गेला. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणाने फूटपाथवरच्या खांबांबद्दल ईमेल पाठवला आणि 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून त्याची दखल घेऊन जनहित याचिका दाखल करून घेतली. एका माणसाचा ईमेल. अण्णाच्या हिशेबात तो 'एकच'.

'तिकडे पैसा आहे' हा ग्रुपवरचा दुसरा आवडता मुद्दा. मी त्यावर डेव्हिड लेपॉफ्स्कीची गोष्ट सांगते. हे टोरांटोतले अंध वकील. त्यांची मागणी एवढीच की पुढचा थांबा कुठला ते मोठ्याने सांगा. यंत्र नको, निविदा नको, चालकाने तोंड उघडलं की झालं. टीटीसीने, म्हणजे शहराच्या बस आणि सबवे चालवणाऱ्या संस्थेने, ते केलं नाही, उलट मानवाधिकार न्यायाधिकरणापुढे त्यांच्याशी भांडली. वकिलांवर लाखो डॉलर घालवले. 2005 मध्ये ते सबवेच्या थांब्यांसाठी जिंकले, पण बस आणि स्ट्रीटकार म्हणजे ट्राम यांच्यासाठी त्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागलं, आणि 2007 मध्ये तिथेही जिंकले. पैसा नव्हता म्हणून नव्हे, पैसा खर्च करून नकार दिला होता. आज मी 510 नंबरच्या स्ट्रीटकारमध्ये पेंगत बसते आणि कॉलेज स्ट्रीट आलं की आवाज मला उठवतो, तो त्या माणसाच्या हट्टाचा आवाज. इथल्या लोकांना वाटतं, तो पहिल्यापासूनच होता.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. 1995 च्या कायद्यात फूटपाथला व्हीलचेअरसाठी उतार करा असं चक्क लिहिलं होतं, फक्त सुरुवातीला एक शेपूट: आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. ती मर्यादा एकवीस वर्षं पुरली. 2016 च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले, कलम 41 मध्ये सुगम, म्हणजे अपंगांना वापरता येतील असे, रस्ते आले, आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली. नियम जून 2017 मध्ये निघाले, मुदत जून 2022 मध्ये संपली. कुठल्या कचेरीला कुलूप लागल्याचं मी वाचलं नाही. 8 नोव्हेंबर 2024 ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं की सरकारने ज्यांना नियम म्हटलं त्या नुसत्या शिफारशी आहेत, हे कायद्याला धरून नाही. तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा. चंद्रचूडांचा तो कामाचा शेवटचा दिवस होता. मी त्या दिवशी निकालाची लिंक ग्रुपवर टाकली होती. त्याखाली कुणीतरी दिवाळी अंकातला विनोद टाकला.

महाराष्ट्रात तर स्थानिक संस्थांनी पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा आहे. 2022 च्या डिसेंबरात त्यांच्यासाठी वेगळा सरकारी विभागही झाला. पण निधी जातो कशावर? शिलाई मशीन, तीनचाकी, स्टॉल, महिन्याचं अनुदान. यातलं काहीच वाईट नाही, माणसांना त्याची गरज असते. पण सायकल वाटताना मांडव घालता येतो, फोटो निघतो, नाव पुकारता येतं. दीड फूट काँक्रीटच्या उताराचा सत्कार कसा करणार? आणि मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं राज्यातल्या मोठ्या महापालिकांत नगरसेवकच नव्हते. खांब ठोकणारे होते, ज्याच्या दारात जाऊन ओरडावं असं कुणी नव्हतं.

आत्या एका उन्हाळ्यात माझ्याकडे येऊन राहिली होती. पहिल्याच आठवड्यात मी तिला स्पॅडायना रस्त्यावर नेलं. स्ट्रीटकार आली, चालकाने उतार बाहेर काढला, दोघं बाजूला झाले, आत्या आत. कुणी वळून पाहिलं नाही. मी मनातून फुगले होते. जणू ती गाडी मीच बनवली होती. आत्या खिडकीबाहेर बघत बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'अगं, आयुष्यभर थँक्यू म्हणून म्हणून माझं तोंड दुखलंय. इथे कुणाला म्हणायचंच नाही का?'

हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी जणांना ऐकवलं. पुढचं ऐकवत नाही. जायच्या आधी ती म्हणाली, 'तुझी गाडी छान आहे. पण मला ती तुझ्या घराकडून त्या चिनी दुकानांपर्यंत नेते. तिथे मला कोण ओळखतं?' मला राग आला. एवढं सगळं दाखवलं, आणि शेवटी ही उत्तीर्ण करत नाही म्हणजे काय!

बरं, ती उन्हाळ्यात आली हेही माझ्या पथ्यावर पडलं. 2025 च्या फेब्रुवारीत इथे काही दिवसांत अर्ध्या मीटरहून जास्त बर्फ पडला आणि तो कोपऱ्याकोपऱ्यावर आठवडेच्या आठवडे साचून होता. बर्फ हटवणारा प्लाऊ रस्ता मोकळा करतो आणि सगळं ढकलतो ते बरोबर फूटपाथच्या उतारावर. ते डोंगर चढून मी बसला जात होते, आणि खुर्चीवाले त्या दिवसांत दिसत नव्हते. किती दिसतात, म्हणून मी तेव्हा मोजलं नाही. ओंटारियोने 2005 मध्ये कायदा केला, वीस वर्षांत प्रांत पूर्ण सुगम करू म्हणून. मुदत 1 जानेवारी 2025. त्याआधीच 2023 च्या स्वतंत्र अहवालात या परिस्थितीला संकट म्हटलं गेलं होतं. मुदत आली आणि गेली. 2014 च्या ऑगस्टपर्यंत टोरांटोच्या एकाही स्ट्रीटकारमध्ये व्हीलचेअर चढूच शकत नव्हती, हे मी आत्याला सांगितलं नाही. माझ्या डेंटिस्टच्या दारात आजही दोन पायऱ्या आहेत. आणि फूटपाथवर दुचाक्या म्हणाल तर डाउनटाउनमध्ये जेवण पोचवणारी पोरं ई-बाइक घेऊन सर्रास वर चढतात. त्यातली कैक आपलीच असतात. हेल्मेटखालून 'सॉरी ताई' ऐकू आलंय मला.

हे ग्रुपवर लिहायला काय हरकत आहे? एकदा लिहून पाहावं असं वाटतं, आणि बोट थांबतं. आई-वडिलांना, आत्याला, त्या वाड्याला सोडून इथे आले, तर इथे काहीतरी नक्की, निर्विवाद चांगलं असायला हवं ना? नाहीतर आले कशाला? स्ट्रीटकारचा तो उतार आत्यासाठी नव्हता, तो माझ्या बाजूचा पुरावा होता. अण्णाला हे बरोबर कळतं. त्याने आत्याला दर गुरुवारी दवाखान्यात नेलंय, खुर्ची डिकीत घातलीय, काढलीय. त्याची कंबर गेली त्यात. मी लिंका पाठवते.

पण म्हणून त्याचं म्हणणं खरं ठरत नाही. त्याची कंबर हीच तर माझी बाजू आहे. ज्या शहरात आत्याचं बाहेर पडणं अण्णाच्या कंबरेवर अवलंबून आहे, तिथे अण्णा साठीचा झाला की आत्या घरात. मग ती दिसणार नाही, आणि पुढचा कुणीतरी विचारेल, दिसतात किती? उचलणारे हात असणं ही चांगली गोष्ट आहे, त्यांना महापालिकेचं काम समजणं चांगलं नाही. हे मी गेल्या आठवड्यात त्याला फोनवर, ग्रुपवर नव्हे, सांगितलं. तो म्हणाला, 'हे तू इथे येऊन वॉर्ड ऑफिसात सांग.'

तिथे माझी पंचाईत आहे. इथला पासपोर्ट घेताना तिथला परत दिला. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर घर घेता येतं, मत देता येत नाही. इथे मात्र बर्फ उचलला नाही की महापालिकेच्या 311 या तक्रार क्रमांकावर फोन करते, नगरसेविकेच्या कार्यालयाला ईमेल टाकते, तक्रारीचा क्रमांक जपून ठेवते. माझ्यातली सगळी नागरिक इथे खर्च होते, आणि राग सगळा तिथल्या फूटपाथवर निघतो. इथल्या फूटपाथवर इतका जिवापाडचा राग मला येत नाही.

आत्याने आम्हा दोघांनाही विचारलं नाही. तिने राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार लिहून काढली आहे. स्वतःच्या अक्षरात, बँकेतल्या त्या तिरप्या वळणाच्या, खांबांमधलं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजून. माझ्याकडून फक्त कलम 41 चा इंग्रजी मजकूर मागवला. सोबत पेठेतल्या रहिवाशांच्या सह्या जोडायच्या आहेत. मी म्हटलं, माझं नाव घाल. ती म्हणाली, 'लाइट बिल आहे का तुझ्या नावावर इथलं?' अण्णाच्या नावावर आहे. तो दुचाकीवाल्यांचं काय करायचं, हा परिच्छेद घातल्याशिवाय सही करत नाही म्हणतोय, आणि आता दोघं रोज संध्याकाळी त्या परिच्छेदावरून भांडतायत.