आधी तिसरं वर्ष ठरवा, मग पहिलं

"दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज, दोन वर्षं युनिव्हर्सिटी, आणि डिग्रीवर नाव फक्त युनिव्हर्सिटीचं. यात वाईट काय आहे, सांगा ना!" मास्तर असं म्हणाले आणि सीए कट्ट्यावरून उतरून त्यांच्यासमोर उभाच राहिला.

नागपूरच्या धरमपेठेत ट्रॅफिक पार्कच्या बाजूचा कट्टा. तर्री-पोहे संपले होते, चहा यायचा होता. मास्तर अकरावी-बारावीला अकाउंट्स शिकवतात. सीए म्हणजे सीएच. बँकेतल्या ताई शैक्षणिक कर्जाच्या फाइली पाहतात. चौथा पोरांच्या परदेशी प्रवेशाचे कागद लावून देतो, त्याला सगळे काउन्सेलर म्हणतात. बारावी कॉमर्स झालेल्या पोरानं बिझनेस शिकायला अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात, जावं का, यावर दीड तास वाद झाला. त्यातलं कामाचं तेवढं इथं लिहिलं आहे.

सीएचा पहिला आक्षेप नावावरच होता. "पोरं सांगून राहिले, मॅनेजमेंट शिकायला चाललो. तिथं पहिल्या दोन वर्षांत मॅनेजमेंट असते कुठं?"

यावर काउन्सेलर त्याच्याच बाजूनं बोलला, आणि मास्तरांना ते अनपेक्षित होतं. तो म्हणाला, युनिव्हर्सिटीच्या बिझनेस स्कूलला दोन वर्षांनंतर ट्रान्सफर घ्यायचा तर ते पाहतात फायनान्शियल अकाउंटिंग, मॅनेजरियल अकाउंटिंग, मायक्रो आणि मॅक्रो इकॉनॉमिक्स, स्टॅटिस्टिक्स, बिझनेस कॅल्क्युलस, आणि बऱ्याच ठिकाणी बिझनेस लॉ. सोबत इंग्रजी लेखन आणि इतर सामान्य विषय. प्रिन्सिपल्स ऑफ मॅनेजमेंट, मार्केटिंग, एचआर हे विषय अनेक युनिव्हर्सिट्या तिसऱ्या वर्षाचे मानतात. कम्युनिटी कॉलेजात ते शिकलं तर क्रेडिट मिळतं, पण बहुतेकदा 'इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून. तिसऱ्या वर्षी तोच विषय पुन्हा घ्यावा लागतो, आणि पुन्हा युनिव्हर्सिटीच्या दरानं.

"म्हणजे आवडीचे विषय आधी घेतले की पैसे दोनदा," ताई म्हणाल्या.

"हाव. आणि त्याच्याही आधी डिग्रीचं नाव." काउन्सेलरनं खिशातून पेन काढून पोह्याच्या कागदावर दोन ओळी लिहिल्या. एक, असोसिएट ऑफ सायन्स किंवा असोसिएट ऑफ आर्ट्स, बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन. दुसरी, असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स, बिझनेस मॅनेजमेंट. दोन्ही साधारण ६० क्रेडिटच्या, दोन्ही दोन वर्षांच्या. पहिली पुढे ट्रान्सफर व्हायला बांधलेली असते. दुसरी तिथल्या स्थानिक माणसाला दुकान, गोदाम, ऑफिस सांभाळायच्या नोकरीसाठी. तिच्यातले बरेच क्रेडिट चार वर्षांच्या डिग्रीत नीट बसत नाहीत. ज्याला चार वर्षं करायची आहेत त्याच्यासाठी दुसरी चुकीची, आणि आपल्याकडची पोरं 'मॅनेजमेंट' हा शब्द पाहून नेमकी तीच निवडतात.

मास्तरांनी मूळ मुद्दा सोडला नाही. ही व्यवस्था काही कालची नाही, १९०१ साली इलिनॉयमध्ये जोलिएट ज्युनियर कॉलेज निघालं तेव्हापासून पहिली दोन वर्षं जवळच्या कॉलेजात आणि पुढची युनिव्हर्सिटीत हा रस्ता मळलेला आहे. वर्ग लहान, शिकवणारा माणूस शिकवण्यासाठीच नेमलेला. आपल्या कॉमर्सच्या पोराला तिथं अकाउंटिंग सोपंच जाईल, असंही ते म्हणाले. पण पुढच्याच वाक्यात ते स्वतः थांबले, कारण त्यातले खड्डे त्यांच्याइतके कुणाला माहीत नव्हते.

आपल्याकडे 'घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा' हा नियम पाठ असतो. तिथं खात्याचं व्यक्ती, वस्तू, नाममात्र असं वर्गीकरण शिकवतच नाहीत. मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल, या एका समीकरणावरून नावे-जमा काढतात. आपण पारंपरिक ताळेबंदात देणी डावीकडे मांडतो, तिथं मालमत्ता आधी येते आणि सगळ्यात वर रोकड. आपला 'स्टॉक' म्हणजे माल, त्यांचा 'स्टॉक' म्हणजे शेअर. मालाला ते इन्व्हेंटरी म्हणतात, डेटर्सना अकाउंट्स रिसिव्हेबल. पेपरात हे शब्द उलटसुलट झाले की पूर्ण गणित येऊनही उत्तर चुकतं.

खरी पंचाईत मालाच्या नोंदीत होते. मास्तरांनी कळमना मार्केटचं उदाहरण घेतलं. संत्र्याचे २०० क्रेट ५०० रुपयांनी घेतले, म्हणजे १ लाख. त्यातले ५० क्रेट ७०० नं विकले, म्हणजे ३५,००० आले. आपलं पोरगं खरेदी खातं नावे करतं, विक्री जमा करतं, आणि उरलेल्या १५० क्रेटचा ७५,००० चा शिल्लक माल वर्षाच्या शेवटी मांडून १०,००० ढोबळ नफा काढतं. तिथं पर्पेच्युअल पद्धतीत, म्हणजे माल येता-जाता दर वेळी मालाचं खातं बदलत ठेवायच्या पद्धतीत, खरेदी खातं नसतंच. माल आला की इन्व्हेंटरी नावे, १ लाख. विकला की नोंदी दोन. पहिली रोकड नावे, विक्री जमा, ३५,०००. दुसरी विकलेल्या मालाची किंमत नावे, इन्व्हेंटरी जमा, २५,०००. आपली पोरं ही दुसरी नोंद विसरतात. मग नफा ३५,००० दिसतो, माल १ लाखाचाच राहतो, दोन्ही आकडे २५,००० नं फुगलेले. तरीही ताळेबंद जुळतो! जुळला म्हणून पोरगं पुढच्या प्रश्नाला जातं. जाण्याआधी उन्हाळ्यात एवढी एक गोष्ट हातानं पन्नास वेळा केली तरी पहिलं सेमिस्टर सोपं जाईल, असं मास्तरांचं मत. सीएनं इथं एकदाही हरकत घेतली नाही.

त्यानं हरकत घेतली ती गणितावर. महाराष्ट्रात कॉमर्सला गणित न घेताही बारावी होते. अशा पोराला तिथं बिझनेस कॅल्क्युलस सहसा थेट मिळत नाही. प्लेसमेंट होते, म्हणजे गणिताची तयारी पाहून वर्ग ठरवतात, मग आधी कॉलेज अल्जेब्रा, मग कॅल्क्युलस. मॅनेजरियल अकाउंटिंगही फायनान्शियलनंतरच. या दोन साखळ्या पहिल्या सेमिस्टरला सुरू झाल्या नाहीत तर दोन वर्षांचं अडीच होतं.

"आणि बारा क्रेडिटचा घोळ सांग," ताई काउन्सेलरला म्हणाल्या. त्यांच्या टेबलावर तो घोळ कर्जाच्या रूपानं येतो.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. पोरं तेवढेच घेतात, कारण नियम तेवढाच आहे. पण १२ गुणिले ४ म्हणजे ४८, आणि डिग्री ६० ची. वेळेत निघायचं तर सेमिस्टरला १५ हवेत, नाहीतर उन्हाळ्यातले वर्ग. एका क्रेडिटला आठवड्याला एक तास वर्गात आणि साधारण दोन तास बाहेर धरतात, म्हणजे १५ क्रेडिटला ४५ तास. त्यावर कॅम्पसमधली नोकरी, तीही सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच. इतकं झेपत नाही म्हणून पोरगं मध्येच एक विषय सोडतं, ११ किंवा ९ क्रेडिट उरतात, आणि कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्याची आधी परवानगी घेतली नसेल तर व्हिसाचा दर्जाच जातो. परवानगी मिळण्याची कारणंही मोजकी आहेत, आजारपण किंवा पहिल्या सत्रातली भाषेची अडचण अशी. कॅल्क्युलस अवघड गेलं हे कारण त्यात बसेलच असं नाही.

ऑनलाइन वर्गांचंही तसंच. पूर्णवेळेच्या हिशेबात सत्राला ऑनलाइनचा एकच वर्ग, जास्तीत जास्त ३ क्रेडिटचा, धरला जातो. बिझनेसचे बरेच वर्ग हल्ली ऑनलाइन असतात आणि प्रत्यक्ष वर्ग आधी भरतात. नोंदणी उघडली त्या दिवशी, त्या तासाला बसायला हवं.

चहा आला. सीएनं कप हातात घेतला आणि त्याचं मूळ म्हणणं मांडलं. नागपूर विद्यापीठातून बी.कॉम. करा, सोबत सीए फाउंडेशन द्या, घरचं जेवण जेवा. नव्या धोरणात चार वर्षांची ऑनर्स डिग्री आहेच. अमेरिकेत दोन वर्षं काढून पुढे जमलं नाही आणि पोरगं असोसिएट डिग्री घेऊन परत आलं, तर इथं ती पदवी धरत नाहीत. कॅटला पदवी लागते. बँकेच्या पीओ परीक्षेला पदवी लागते. "दोन वर्षं आणि बापाचे पैसे, दोन्ही गेले. बारावी पासच्या रांगेत पुन्हा उभं राहा."

हा मुद्दा खरा आहे आणि कट्ट्यावर कुणीही तो खोडला नाही. मास्तर एवढंच म्हणाले की तीन वर्षांच्या बी.कॉम.वर अमेरिकेतल्या अनेक युनिव्हर्सिट्या मास्टर्सला घेत नाहीत, तिथं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात. ज्याला शेवटी तिकडेच जायचं आहे त्यानं ही अडचणही मोजावी. शिवाय आपल्याकडे यूजीसीच्या योजनेतही कम्युनिटी कॉलेज नावाची गोष्ट आहे, तीच करावी का, असं त्यांनी विचारलं. काउन्सेलरनं ते एका वाक्यात संपवलं: नाव सारखं, पण इथला तो कौशल्य अभ्यासक्रम स्थानिक उद्योगासाठी आहे, अमेरिकेतला ट्रान्सफरचा रस्ता त्याच्यात शोधू नये.

मग ताईंनी पैशांचं काढलं. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजची फी क्रेडिटला ४६ डॉलर, असं लोक नेटवर वाचून येतात. ती कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांची. बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याला त्यावर नॉनरेसिडेंट ट्यूशन लागते आणि बेरीज कित्येक पट होते. बहुतेक कम्युनिटी कॉलेजांना होस्टेल नसतं, म्हणजे भाडं आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा, विमा वेगळा. पण ताईंची खरी तक्रार दुसरी. आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या कागदावर, साधारण पहिल्या वर्षाचा खर्च असतो, घरचे त्याला दोननं गुणतात आणि तेवढंच कर्ज मागतात. तिसऱ्या वर्षी संस्था बदलते, फी उडी मारते, नव्यानं मंजुरी लागते, आणि तेव्हा तारण अपुरं पडतं. साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका सहसा घर, प्लॉट किंवा एफडी मागतात. परदेशी शिक्षणाला चार लाखांच्या वरच्या कर्जात १५ टक्के स्वतःचे घालावे लागतात. हप्ते सुरू होण्याआधीची मुदत कोर्स अधिक एक वर्ष, आणि व्याज त्या काळातही चढत असतं.

"फाइल आणताना चारही वर्षांची आणा," त्या म्हणाल्या. "कॉलेजचं पत्र दोन वर्षांचं असू दे, पण ज्या युनिव्हर्सिटीत जायचं तिच्या फीचा कागद त्याला जोडा. तारणाचं मूल्यांकन एकदाच पूर्ण रकमेसाठी होऊ द्या." अजून एक बारीक गोष्ट: ज्या बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते तिच्या कर्जातून फी पाठवली तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर, कापत नाहीत. स्वतःच्या खात्यातून वर्षाला १० लाखांच्या वर गेलं तर कापतात. म्हणून आपला हिस्सा आणि कर्ज कोणत्या क्रमानं पाठवायचं ते आधीच ठरवावं.

काउन्सेलरचं म्हणणं इथंच येऊन मिळत होतं. तो उलटीकडून चालायला सांगतो. आधी तिसऱ्या वर्षाची युनिव्हर्सिटी आणि मेजर, म्हणजे डिग्रीचा मुख्य विषय, तीन-चार नावं. मग त्यांच्याशी लेखी ट्रान्सफर करार असलेलं कम्युनिटी कॉलेज. मग विषय. कॅलिफोर्नियात असिस्ट नावाची अधिकृत साइट आहे, कॉलेज आणि युनिव्हर्सिटी टाकली की कोणता विषय कोणत्या विषयाच्या जागी चालतो ते समोर येतं. तिथंच टॅग म्हणून ट्रान्सफरची हमी देणारी सोय आहे, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पससाठी: डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो त्यात नाहीत. काही मेजर वगळलेले असतात, ते दर वर्षी तपासायचे. टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरात, मुख्य अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरात. म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू केलेल्या पोराचा अर्ज जाताना हातात फक्त पहिल्या वर्षाचे, फार तर उन्हाळ्याचे मार्क असतात. 'पहिलं वर्ष रुळायला' ही आपली सवय तिथं महागात पडते. मार्क शेवटच्या पेपरवर नसून आठवड्याच्या गृहपाठावर, क्विझवर, मिडटर्मवर वाटलेले असतात.

सीएनं विचारलं, "आणि नोकरी?"

काउन्सेलर म्हणाला, ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी, डिग्रीच्या प्रत्येक वरच्या पातळीला १२ महिने. असोसिएटनंतर वापरला तरी बॅचलर्सचा वेगळा मिळतो. पण २४ महिन्यांची स्टेम वाढ, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताकडच्या मेजरना मिळणारी जादा मुदत, बॅचलर्स किंवा वरच्या डिग्रीलाच, आणि तीही मेजरच्या कोडवर. साधं बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन, कोड ५२.०२०१, त्या यादीत नाही. मॅनेजमेंट सायन्स, ५२.१३०१, आहे. फरक मेजरच्या नावाचा, आणि दोन वर्षांची नोकरी त्यावर. कोड आय-२० वर छापलेला असतो, तिसऱ्या वर्षाचा मेजर निवडतानाच पाहायचा.

सीए थोडा वेळ कागदावरच्या त्या दोन ओळी पाहत होता. "माझं म्हणणं बदललं नाही," तो म्हणाला. "गणित नसलेल्या आणि चार वर्षांचा पैसा दिसत नसलेल्या घरानं जाऊ नये."

"त्यांना मीही पाठवत नाही," काउन्सेलर म्हणाला.

उठता उठता मास्तरांनी विचारलं, राज्याबाहेरच्या युनिव्हर्सिटीत जायचं झालं आणि करार नसला तर? काउन्सेलर म्हणाला, मग क्रेडिट मोजणारा माणूस विषयाचा सिलॅबस मागतो. आठवड्यानुसार काय शिकवलं, पुस्तक कोणतं, तास किती. सेमिस्टर संपलं की कॉलेजच्या पोर्टलवरचा तो वर्ग बंद होतो आणि सिलॅबस त्याच्यासोबत जातो. म्हणून प्रत्येक विषयाची पीडीएफ पहिल्याच आठवड्यात उतरवून स्वतःच्या मेलवर टाकायची. ताईंनी हे आपल्या वहीत लिहून घेतलं, फाइल घेऊन येणाऱ्यांना सांगायला.