टॅबवर अ‍ॅप दिसत नाही, आणि का ते कुणी सांगत नाही

फोनवर नाव टाकलं की अ‍ॅप पहिल्या ओळीत हजर. तेच खातं, तेच गूगल प्ले, तेच नाव टॅबवर टाकलं की अ‍ॅप गायब. थेट लिंक उघडली तर एक निर्विकार ओळ येते: हे अ‍ॅप तुमच्या डिव्हाइससाठी उपलब्ध नाही. का नाही? अँड्रॉइड जुनं आहे? कॅमेरा नाही? सिमकार्ड नाही? एवढं सांगायला काय जातं? स्टोअरला कारण पक्कं माहीत असतं, कारण चाळणी त्यानेच लावलेली असते. पण वापरणाऱ्याला ते सांगत नाहीत, आणि बनवणाऱ्याला तर कुणीतरी एक स्टार देऊन शिव्या घालेपर्यंत पत्ताच नसतो.

मग सल्ले सुरू होतात. "टॅबसाठी वेगळा लेआउट करा." "सपोर्ट्स-स्क्रीन्समध्ये लार्ज आणि एक्स-लार्ज ट्रू करा." (मॅनिफेस्ट म्हणजे अ‍ॅपची माहिती आणि मागण्या लिहिलेली फाइल; सपोर्ट्स-स्क्रीन्स ही त्यातली, कोणत्या आकाराच्या स्क्रीन चालतात ते सांगणारी ओळ.) करा की, पण अ‍ॅप न दिसण्याशी त्याचा बहुतेक वेळा काडीचा संबंध नसतो. प्ले असं धरून चालतं की छोट्या स्क्रीनसाठी केलेलं अ‍ॅप मोठ्या स्क्रीनवर कसंतरी चालेल, उलट मात्र चालणार नाही. म्हणजे लार्ज-स्क्रीन्स फॉल्स असलं तरी तेवढ्यावरून टॅबवरचं अ‍ॅप हटत नाही. फार तर कंपॅटिबिलिटी मोडमध्ये ओबडधोबड दिसतं. तरी वर्षानुवर्षं त्याच चार ओळी इकडून तिकडे चिकटवल्या जातात, आणि लोक त्या मॅनिफेस्टमध्ये टाकून, नवं व्हर्जन चढवून, रिव्ह्यूची वाट बघत बसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

चोर बसलेला असतो परवानग्यांमध्ये. मॅनिफेस्टमध्ये कॉल-फोनची परवानगी मागितली की प्ले मनाशीच ठरवतं की या अ‍ॅपला टेलिफोनी हार्डवेअर लागतंच. सेंड-एसएमएस, रिसीव्ह-एसएमएस, रीड-एसएमएस, रिसीव्ह-एमएमएस, प्रोसेस-आउटगोइंग-कॉल्स, सगळ्यांचं तेच. तुम्ही युजेस-फीचर (अमुक हार्डवेअर लागतं असं सांगणारी ओळ) कुठेही लिहिलेलं नसतं. ते गृहीत धरलं जातं, आणि "असेल तर बरं" असं नव्हे, तर "नसेल तर दाखवूच नका" असं. झालं! फक्त वायफायवर चालणारे सगळे टॅब एका फटक्यात बाद. कशासाठी? तर "आमच्याशी संपर्क" या पानावर नंबर दाबला की थेट फोन लागावा म्हणून. त्या एका बटणापायी अख्खं अ‍ॅप टॅबवरून हद्दपार.

बरं, त्या बटणाला ती परवानगी लागतही नाही! अ‍ॅक्शन-कॉलऐवजी अ‍ॅक्शन-डायल वापरा. डायलर नंबर भरून उघडतो, हिरवं बटण माणूस दाबतो, परवानगी शून्य. ओटीपी आपोआप भरण्यासाठी एसएमएस वाचायची परवानगी मागणारे तर धन्यच. त्यासाठी एसएमएस रिट्रीव्हर एपीआय ही तयार सोय आहे, तिलाही परवानगी लागत नाही. शिवाय एसएमएस आणि कॉल लॉगच्या परवानग्यांवर प्लेचे वेगळे कडक नियम आहेत, म्हणजे टॅब जातातच, वर रिव्ह्यूमध्ये अ‍ॅप अडकतं ते निराळंच.

परवानगी खरोखरच हवी असेल तर उपाय एका ओळीचा आहे: अँड्रॉइड डॉट हार्डवेअर डॉट टेलिफोनी या नावाचं युजेस-फीचर स्वतः लिहायचं आणि त्याचं रिक्वायर्ड फॉल्स करायचं, म्हणजे "नसलं तरी चालेल". आणि कोडमध्ये फोन लावण्याआधी पॅकेज मॅनेजरच्या हॅज-सिस्टम-फीचरला विचारायचं, की हे हार्डवेअर आहे का. ही दुसरी पायरी गाळणाऱ्यांनी टॅबवर अ‍ॅप दिसल्याचा आनंद फार काळ धरू नये. टॅबवर ते बटण दाबलं की फोन लावायची विनंती (इंटेंट) घ्यायला कुणी नसतं आणि अ‍ॅप कोसळतं. आधी "दिसत नाही" म्हणून एक स्टार होता, आता "उघडून बंद पडतं" म्हणून एक स्टार.

कॅमेऱ्याची गंमत याहून चीड आणणारी. कॅमेऱ्याची परवानगी मागितली की दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात: अँड्रॉइड डॉट हार्डवेअर डॉट कॅमेरा, आणि त्याच्या जोडीला ऑटोफोकस. त्यातलं नुसतं "कॅमेरा" म्हणजे कुठलाही कॅमेरा नव्हे, मागचा कॅमेरा! कुठलाही चालत असेल तर त्याला कॅमेरा डॉट एनी असं वेगळं नाव आहे. 2012 च्या नेक्सस 7 ला फक्त पुढचा कॅमेरा होता. तो असल्या अ‍ॅपसाठी कॅमेरा नसलेलाच. आणि ज्या टॅबच्या मागच्या कॅमेऱ्याला फिक्स्ड फोकस आहे तो ऑटोफोकसवर अडकतो. म्हणून रिक्वायर्ड फॉल्स दोन्हींवर लिहावं लागतं. लोक पहिल्यावर लिहितात, दुसरं विसरतात आणि "सगळं करून पाहिलं, तरी दिसत नाही" म्हणून कपाळ बडवतात. मायक्रोफोन आणि ब्लूटूथ याच रांगेत आहेत. लोकेशनबद्दल मात्र जुन्या भीतीत राहू नका: नेमक्या लोकेशनच्या परवानगीवरून जीपीएस चिप गृहीत धरण्याचा नियम टार्गेट एसडीके (अँड्रॉइडच्या ज्या आवृत्तीसाठी अ‍ॅप बनवलं तिचा क्रमांक) 20 किंवा त्याहून खालच्या अ‍ॅपपुरताच आहे.

आता यातला सगळ्यात संतापजनक भाग. यातली एकही परवानगी तुम्ही स्वतः लिहिलेली नसू शकते. जाहिरातींची लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड), क्यूआर स्कॅनर, चॅटचा एसडीके, कुठलंसं प्लगइन, प्रत्येकाचं आपापलं मॅनिफेस्ट असतं आणि बिल्ड करताना ती सगळी एकत्र मिसळली जातात. तुमच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचा क नसतो, तरी अंतिम मॅनिफेस्टमध्ये तो ऐटीत बसलेला असतो. त्यातही पाचर अशी, की रिक्वायर्ड मिसळताना "किंवा"चा नियम लागतो. लायब्ररी ट्रू म्हणाली आणि तुम्ही फॉल्स म्हणालात, तर उत्तर ट्रू. म्हणजे फॉल्स लिहूनही उपयोग नाही. त्याच ओळीत टूल्स-रिप्लेस लावून "रिक्वायर्ड बदलतोय" असं बजावून सांगावं लागतं. परवानगीच नको असेल तर त्या परवानगीच्या ओळीला टूल्स-नोड रिमूव्ह लावायचं. मात्र तिच्यावर लायब्ररीचं कोणतं काम चालतं ते आधी तपासा, नाहीतर सिक्युरिटी एक्सेप्शन (परवानगी नसल्याची चूक) पदरात पडेल.

हे कुठे बघायचं? अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्ट उघडलं की खाली मर्ज्ड मॅनिफेस्ट (मिसळून तयार झालेलं मॅनिफेस्ट) नावाचं पान असतं, त्यात कुठली ओळ कुठल्या लायब्ररीतून आली ते कळतं. बिल्ड-आउटपुट्स-लॉग्ज या फोल्डरमध्ये मॅनिफेस्ट मर्जरचा रिपोर्टही पडलेला असतो. पण गृहीत धरलेली फीचर्स या दोन्हींत दिसत नाहीत. त्यासाठी तयार एपीके (अ‍ॅपची इन्स्टॉल होणारी फाइल) घ्या आणि बिल्ड-टूल्समधल्या एएपीटी या साधनाची डंप बॅजिंग ही कमांड त्यावर चालवा. त्यात युजेस-इम्प्लाइड-फीचर अशा ओळी निघतात आणि पुढे कारणही असतं: अमुक परवानगी मागितली म्हणून. म्हणजे हवं तेव्हा कारण छापता येतं बरं का! फक्त वापरणाऱ्यासमोर छापायचं नाही. ही कमांड बंडलवर (प्लेवर चढवायच्या एएबी फाइलवर) चालत नाही. एएबी असेल तर बंडलटूलने युनिव्हर्सल मोडमध्ये एपीके काढून घ्या आणि मग चालवा.

कंपॅटिबल-स्क्रीन्स हा एलिमेंट ज्याने कुणी नकलून चिकटवला असेल त्याने तो आजच काढावा. सपोर्ट्स-स्क्रीन्स वेगळं आणि हे वेगळं. यात स्क्रीनचा आकार आणि घनता (एका इंचात किती ठिपके) यांची एकेक जोडी हाताने लिहावी लागते, आणि यादीत नसलेली प्रत्येक जोडी स्टोअरवर बंद. नॉर्मल-एचडीपीआय, नॉर्मल-एक्सएचडीपीआय अशी फोनची यादी कुणीतरी कधीतरी लिहून ठेवतो आणि लार्ज, एक्स-लार्ज नसल्यामुळे सगळे टॅब साफ. लार्ज घातलं तरी घनता चुकते: त्याच नेक्सस 7 ची घनता 213 होती, एमडीपीआय आणि एचडीपीआय या ठरलेल्या पायऱ्यांच्या मधली. गूगलचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की शक्यतो हा एलिमेंट वापरू नका. कोण वाचतंय?

नेटिव्ह लायब्ररी (थेट प्रोसेसरसाठी बनवलेला कोड) असतील तर एबीआय, म्हणजे तो कोणत्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी आहे, ते बघा. 64-बिट आवृत्ती 2019 पासून सक्तीची झाली, म्हणून काही शहाण्यांनी आर्म-64 ठेवून 32-बिट काढूनच टाकली. स्वस्तातले कितीतरी टॅब 32-बिट अँड्रॉइडवर चालतात, त्यांना असं अ‍ॅप मिळतच नाही. मिन एसडीके (अ‍ॅपला लागणारी किमान अँड्रॉइड आवृत्ती) वाढवतानाही तेच. टॅबना अपडेट फोनइतके मिळत नाहीत, तेव्हा फोनचे आकडे बघून ठरवलेली मर्यादा टॅबवर जास्त माणसं कापते.

आणि हे सगळं चोरपावलांनी होतं. नव्या व्हर्जनमध्ये एखादी अट वाढली तर जुन्या टॅबवाल्यांना काही कळत नाही. त्यांच्याकडे आधीचं व्हर्जन राहतं आणि अपडेट येणं बंद होतं, बस. म्हणून दर रिलीजच्या आधी प्ले कन्सोलच्या (अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठीच्या प्लेच्या साइटच्या) बंडल एक्सप्लोररमध्ये किती डिव्हाइस मॉडेल चालतात तो आकडा मागच्या व्हर्जनशी ताडून बघा. आकडा धपकन खाली आला असेल तर रिलीज थांबवा आणि नवी लायब्ररी कोणती आली ते शोधा.

अ‍ॅप टॅबवर उपलब्ध झालं म्हणजे नजरेस पडेल असंही नाही. 2013 च्या नोव्हेंबरपासून प्लेने टॅबवर "टॅबलेटसाठी बनवलेली" अ‍ॅप्स पुढे करायला सुरुवात केली आणि बाकीच्यांवर "फोनसाठी बनवलेलं" असा शिक्का मारला. तेव्हा स्टोअर लिस्टिंगमधले 7 इंची आणि 10 इंची स्क्रीनशॉटचे रकाने रिकामे ठेवू नका. प्रत्येकात 8 पर्यंत बसतात. त्यात फोनचे उभे स्क्रीनशॉट ताणून भरणाऱ्यांना काय म्हणावं! किमान 600 डीपी (घनतेवर न अवलंबणारं स्क्रीनचं माप) रुंदीच्या एम्युलेटरवर (संगणकावरच्या नकली टॅबवर) अ‍ॅप चालवून खरे शॉट घ्या. ते घेताना लेआउटची लाज वाटली तर उत्तमच. कारण अँड्रॉइड 16 ला टार्गेट केलं की 600 डीपी आणि त्याहून मोठ्या स्क्रीनवर तुमचं "फक्त उभं" हे बंधन सिस्टम जुमानतच नाही. गेम तेवढे सुटले.

आयपॅडवाल्यांनी हसू नये. तिकडे डिव्हाइस फॅमिली या सेटिंगमध्ये 1 म्हणजे आयफोन आणि 2 म्हणजे आयपॅड. नुसता 1 ठेवला तर अ‍ॅप आयपॅडवर फोनच्या चौकटीत चालतं आणि शोधात मागे पडतं. आणि एकदा 2 घालून प्रकाशित केलं की पुढच्या अपडेटमध्ये तो काढून घेता येत नाही.

शेवटी, टॅबवर अ‍ॅप मिळत नाही म्हणून तक्रार करणाऱ्याला "कॅशे क्लिअर करा, टॅब रीस्टार्ट करा" हे ठोकळेबाज उत्तर पाठवणं आधी बंद करा. चाळणी सर्व्हरवर आहे. बिचाऱ्याने टॅब शंभरदा रीस्टार्ट केला तरी ढिम्म फरक पडणार नाही. त्याच्याकडून सेटिंग्जमधल्या "टॅबलेटबद्दल" या पानावरचा मॉडेल नंबर मागून घ्या, प्ले कन्सोलच्या डिव्हाइस कॅटलॉगमध्ये टाका आणि ते मॉडेल चालणाऱ्यांत आहे की वगळलेल्यांत ते बघा. वगळलेलं असेल तर तो नियम तुमच्याच टीममधल्या कुणीतरी लावलेला असतो, बहुधा रॅमचा. हाताने वगळलेलं नसूनही चालत नसेल, तर एएपीटीच्या त्या यादीकडे वळा.